चाळीस जणांची होडी

दुआनने शर्यतीच्या जुन्या होडीच्या टोकावर कोरलेल्या नागाच्या जबड्यावर थाप मारली आणि कमरेला अडकवलेल्या स्पीकरचे बटण दाबले.

"या, या, पुढे या. चावत नाही हा. चावत असता तर बारा वर्षांत माझं काही उरलं असतं का?"

समुद्रकाठच्या रयोंगहून सहलीला आलेली बत्तीस म्हातारी माणसे होडीवर घातलेल्या मांडवाच्या सावलीत सरकली. सकाळी त्यांनी नान शहरातली भित्तिचित्रे पाहिली होती, वस्तुसंग्रहालयातला काळा हस्तिदंत पाहिला होता, मग चिकट भात आणि भाजलेली कोंबडी खाऊन नदीकाठच्या या गावच्या विहारात ती उतरली होती. धबधबा अजून बाकी होता. जेवणानंतरच्या या तासाला लोक हटकून पेंगतात आणि लाकडाची एक लांबलचक होडी त्यांना जागे ठेवू शकत नाही, हे दुआन पहिल्याच वर्षी शिकली होती. गोष्ट तिने तेव्हाच रचली.

"चाळीस वल्हेकरी, एकेक असा तगडा. आणि मागे सुकाणू धरायला कोण? गावातला एक नंबरचा दारुडा! शर्यत रंगली. आपली होडी सगळ्यांच्या पुढे. पन्नास हात राहिले असतील. तेवढ्यात काठावर त्याची बायको दिसली. हातात मिरच्या कुटायचा बत्ता. 'अरे मेल्या, माझ्या कोंबड्या विकून ढोसलीस ना?'" दुआनने आवाज चिरका केला. "झालं. सुकाणू जे फिरलं, ते थेट पलीकडच्या काठाला. होडी चिखलात! आणि चाळीसच्या चाळीस जण चिखलातून बाहेर आले, म्हशींसारखे, ओळीने!"

हशा पिकला. एका बाईंना हसता हसता ठसका लागला. दुआनने ठरलेल्या जागी ठरलेला श्वास घेतला, आणि तेव्हा तिला होडीच्या दुसऱ्या टोकाशी उभा असलेला माणूस दिसला. टोपीवाले काका, यादीत नाव इन्सोम. सकाळपासून ते बसमध्ये एकटेच खिडकीशी बसले होते. सुकाणूवाल्याच्या फळीवर त्यांनी तळहात ठेवला होता आणि ते हसत नव्हते.

मंडळी नारळाच्या आइस्क्रीमच्या गाडीकडे पांगली, तशी ती त्यांच्याजवळ गेली.

"काका, पाय दुखतायत का? बसमध्ये जाऊन बसा हवं तर."

"ही होडी हरली नव्हती, पोरी."

ते नानच्या बोलीत बोलले होते. घरी आईशी ती बोलायची, त्याच बोलीत.

"तुम्ही इकडचे?"

"याच गावचा. हिच्या शेवटच्या शर्यतीत सुकाणू माझ्या हातात होतं."

दुआनच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले. त्याचे काय करावे ते तिला कळेना.

"काका, ती आपली गंमत असते. लोकांना जरा हसवायला. तुमच्यावर म्हणून काही..."

"मी दारू पीत नव्हतो. प्यायलेला असतो तर बरं झालं असतं. सांगायला काहीतरी राहिलं असतं." त्यांनी फळीवरून हात फिरवला. "पन्नास हात म्हणालीस, ते मात्र बरोबर. तेवढेच राहिले होते. तुई माझ्या पुढ्यातच बसायचा. बावीस वर्षांचा. वल्हं हातातून निसटलं, ते धरायला वाकला आणि गेला खाली. मला वाटलं, माशासारखा पोहतो, येईल वर. मी सुकाणू सरळ ठेवलं. मागून दुसरी होडी येत होती. ती त्याच्यावरून गेली."

"आणि तुम्ही?"

"आम्ही जिंकलो."

नदीवरून वारा आला. दुआनच्या कमरेचा स्पीकर बारीक घरघरत होता. तिने तो बंद केला.

तिला ठाऊक होते. सगळे नाही, पण पुरेसे ठाऊक होते. पहिल्या वर्षी इथल्या वयस्क भिक्खूंनी अंगण झाडता झाडता तिला सांगितले होते, या होडीवरचा एक माणूस शर्यतीत गेला, म्हणून होडी परत पाण्यात घातली नाही. तिने मान डोलावली होती. कोण माणूस, ते विचारले नव्हते. सुट्टीवर आलेल्या लोकांना मेल्याची कथा कशाला, असे तिला वाटले होते, आणि पुढच्या आठवड्यात तिने सुकाणूवाल्याला दारू पाजली होती, बायकोही करून दिली होती. हशा वाढत गेला, तसा बायकोच्या हातात बत्ता आला.

"तुईची बहीण आहे का गं अजून?" इन्सोमकाकांनी विचारले. "चानफोंग. दोनदा आलो होतो एकटा. नानच्या बसथांब्यापर्यंत यायचो आणि परतीचं तिकीट काढायचो. या खेपेला म्हटलं, सहलीबरोबर जावं. बत्तीस म्हाताऱ्यांत कोण ओळखतंय."

दुआनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. विहाराच्या याच अंगणात, होडीच्या मांडवापासून तीस पावलांवर, चिंचेखाली चानफोंग आजींचा माग होता. दुआन प्रत्येक सहल होडीवरून थेट तिकडेच नेत असे. 'आणि या आमच्या आजी, यांच्यासारखं कापड अख्ख्या नानमध्ये कोणी विणत नाही,' असे ती याच स्पीकरमधून सांगे, आणि आजी मान वर न करता धोटा फेकत राहत. बारा वर्षे. आठवड्यातून तीनदा.

"चला," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला.

मागाजवळ पोचल्यावर इन्सोमकाका थबकले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"इन्सोम, बाजूला हो," चानफोंग आजी मागावरून नजर न काढता म्हणाल्या. "सावली पडते सुतावर."

काका हलले नाहीत.

"टोपी घातली म्हणून काय चाल बदलते होय माणसाची? बसमधून उतरलास तेव्हाच ओळखलं मी. म्हटलं, बघू तरी इथवर येतोस का."

मग ते खाली बसले. सावकाश, गुडघ्यांवर हात दाबत. दोन्ही हात जोडून त्यांनी कपाळ मातीला टेकवले आणि तसेच राहिले.

"उठ. वय काय, करतोस काय." आजींनी धोटा मांडीवर ठेवला. "एकच सांग मला. त्याने हाक मारली होती का?"

दुआन एक पाऊल मागे सरकली.

"मारली," काका म्हणाले.

"कोणाला?"

"मला. 'दादा' म्हणून."

"ऐकलीस?"

"ऐकली."

आजींनी मांडीवरचा धोटा उलटा करून ठेवला. मग त्यांनी नाकातून एक लांब श्वास सोडला.

"सगळं गाव मला सांगायचं, ढोल वाजत होते, कोणाला काही ऐकू आलं नाही. तो मुकाट्यानेच गेला म्हणे. मला काही ते पटायचं नाही. काटा मोडला तरी सगळी आळी गोळा करणारा पोरगा तो. मुकाट्याने कसा जाईल?" त्यांचे डोळे कोरडेच होते. "म्हणजे ओरडला. बरं झालं. ओरडला."

इन्सोमकाकांचे खांदे हलू लागले. आजींनी बाजूची चटई पायाने त्यांच्याकडे सरकवली.

दुआन वाकली. "आजी, मला माहीत नव्हतं, तो तुमचा..." वाक्य अर्ध्यावर थांबवून तिने पुन्हा सुरुवात केली. "कोणीतरी गेलं होतं, एवढं माहीत होतं मला. तरी मी..."

"पहिल्या वर्षी वाटलं, उठावं आणि तुझा तो भोंगा नदीत फेकावा," आजी शांतपणे म्हणाल्या. "खूपदा वाटलं. मग एकदा ऐकता ऐकता ध्यानात आलं, तुझ्या गोष्टीत चाळीसच्या चाळीस बाहेर येतात. तेव्हापासून तेवढंच ऐकायचे. बाकीचं कानांवरून जाऊ द्यायचे आणि ते आलं की धोटा थांबवायचे."

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते.

"आजी, मग आता मी लोकांना काय सांगू?"

चानफोंग आजींनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिले.

"हे मला विचारायला बारा वर्षं लागली तुला?"

दुआनने मान खाली घातली. तिच्याच पायातले चकचकीत बूट तिला दिसत राहिले.

फाटकाबाहेर बसचा भोंगा वाजला. इन्सोमकाका चटईवर बसले होते आणि आजी त्यांना, रयोंगला भात कसा मिळतो, जेवायला कोण घालतं, मुलं किती, असे काही विचारत होत्या. उठायचे काकांच्या मनात दिसत नव्हते. दुआनने हात जोडले. संध्याकाळी न्यायला येते, असे ती म्हणाली, पण त्या दोघांनी ते ऐकले की नाही, तिला कळले नाही.

बसमध्ये ड्रायव्हरने आरशातून पाहिले. "एक कमी आहे."

"ते राहतायत."

"इथे? कोणाकडे?"

"गावात. त्यांच्या माणसांकडे."

बस नदीच्या कडेने धबधब्याच्या रस्त्याला लागली. मगाशी ठसका लागलेल्या बाई पुढच्याच बाकावर होत्या. त्यांनी दुआनचा दंड हलवला. "अगं, गप्प का? पोहोचेपर्यंत सांग की अजून एखादी. तुझ्यासारखं कोणी सांगत नाही बघ."

दुआनने माइक हातात घेतला. बटण दाबले. तिला सांगायचे होते, की त्याचे नाव तुई होते, वय बावीस; की तो ओरडला होता. बसभर फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

तिने अजून एक शब्दही उच्चारला नव्हता, तरी मागच्या बाकांवर कोणीतरी आधीच हसायला लागले.