ऑफिसची टीम

"इंजिनीअर कोण?" मी विचारलं.

श्रीकांतने मोबाईलमधून मान वर केली नाही. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा निरोप तो मला वाचून दाखवत होता. 'आमचा एकुलता एक मुलगा राजस, वय चोवीस, सॉफ्टवेअर इंजिनीअर, याचे शनिवारी हृदयविकाराने...'

"वृंदा, आत्ता नको."

"आत्ता नको तर कधी? पोरगा गेला आपला. आता तरी खरं सांग, की तो बेसबॉल खेळायचा."

"लोक काय म्हणतील? एवढी वर्षं खोटं बोललो?"

"बोललासच की!"

त्याने निरोप तसाच पाठवला. पाच मिनिटांत पन्नास जोडलेले हात येऊन पडले.

राजस पिचर होता. बेसबॉलमध्ये चेंडू फेकतो, तो. इथेच हॉलंडमध्ये, आइंडहोवनला, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष अर्धं टाकून तो हूफडॉर्पला घरी आला आणि इथल्या एका क्लबने त्याला पगारावर घेतलं. डच लोक या खेळाला हॉन्कबल म्हणतात. "हॉन्कबल! नाव तरी ऐक," श्रीकांत म्हणाला होता. "क्रिकेट असतं तर एक वेळ चारचौघांत सांगता तरी आलं असतं." त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत दिलीपने विचारलं, "राजस काय करतो हल्ली?" आणि श्रीकांतने ठोकून दिलं, "टिलबर्गच्या कंपनीत आहे, आयटीत. घरूनच काम करतो." मग त्या थापेला दर गणपतीत बढती मिळत गेली. शेवटी तर दिलीपने आपल्या भाचीचं, प्रांजलीचं, स्थळ आणलं! मी राजसला सांगितलं, तर तो खो खो हसला. मराठी सगळं कळायचं त्याला, उत्तर मात्र डचमध्ये. "लात मार, मम," म्हणाला. डचमध्ये याचा अर्थ 'जाऊ दे आई'. मी मेलीने मराठी अर्थ घेतला असता तर बरं झालं असतं.

मी मात्र त्याची घरच्या मैदानावरची एक मॅच चुकवली नाही. पाळणाघरात नोकरी करता करता डच शिकले होते, उरलंसुरलं त्या बाकांवर शिकले, शिव्यांसकट. शनिवारीही तिथेच होते. मॅचआधी चेंडू फेकून हात मोकळा करताना तो खाली बसला. मला वाटलं, बुटाची नाडी बांधतोय. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासून दोष होता, कुणाला कळण्यासारखा नव्हता. चोवीस वर्षं मी त्याला सर्दीचे काढे पाजत बसले.

शुक्रवारी दहन होतं. हॉलमध्ये एका बाजूला मंडळाची माणसं, पांढऱ्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला वीस-बावीस पोरं, क्लबच्या लाल शर्टांत, टोप्या हातात घेऊन ढसाढसा रडणारी.

दिलीप मागच्या रांगेतून श्रीकांतच्या कानाशी वाकला. "ही मुलं कोण रे?"

"ऑफिसची टीम," श्रीकांत म्हणाला.

"बघ, कंपनीचे शर्ट घालून आलीत. किती जीव असेल!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. समोर पेटीत माझं लेकरू, आणि हा माणूस अजून त्याचा बायोडेटा सांभाळतोय! जनाची नाही तर मनाची तरी असावी की नाही?

मग यान उठला, राजसचा कोच. डचमध्ये बोलायला लागला. आमच्या मंडळात इथे पंधरा-पंधरा वर्षं काढूनही डच येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. सगळे श्रीकांतकडे बघायला लागले. तो जाऊन यानच्या शेजारी उभा राहिला, भाषांतर करायला.

यान म्हणाला, असा डावखुरा पिचर आमच्या क्लबने पाहिला नव्हता.

"ते म्हणतात, राजस कामात फार हुशार होता," श्रीकांत म्हणाला.

यान म्हणाला, हरलेल्या मॅचनंतरसुद्धा मैदानाची लाल माती सारखी करायला तो एकटा मागे राहायचा.

"मेहनती होता. सगळे गेले तरी थांबायचा."

मी उठले.

"खोटं बोलतोय हा," मी म्हटलं. "कसलं ऑफिस अन् कसलं काय! माझा मुलगा बेसबॉल खेळायचा. पगार घेऊन खेळायचा, आणि मैदानावरच गेला. ही पोरं त्याच्याबरोबर खेळणारी आहेत. आमच्या घरात इंजिनीअर एकच, हा उभा आहे तो."

यानला मराठी काय डोंबल कळणार! आई रडतेय समजून तो जरा थांबला आणि मग पुढचं बोलला, सावकाश, श्रीकांतकडे बघत.

ते मलाही ठाऊक नव्हतं. राजस मला कधी बोलला नव्हता.

"सांग ना," मी श्रीकांतला म्हटलं. "याचंही कर भाषांतर."

त्याने चष्मा काढला.

"ते म्हणतात..." तो म्हणाला, "प्रत्येक मॅचला राजस गेटवर एक तिकीट ठेवायचा. माझ्या नावाचं. मॅच संपली की जाऊन विचारायचा, नेलं का म्हणून. तीन वर्षं."

तो परत आला आणि माझ्या शेजारी बसायला लागला. मी पर्स उचलली आणि पलीकडे त्या लाल शर्टांच्या रांगेपाशी गेले. पोरांनी सरकून जागा केली.