'परतीची वाट' कुणी बंद केली?

"या आठवड्यातही नाहीच! त्या विनयाला एवढं साधं काम जमू नये?" अविनाशराव लॅपटॉपकडे बघून करवादले. शेजारी मटार सोलत बसलेल्या वासंतीताईंनी एक शेंग अशी निरखून पाहिली, की जणू तिच्यातून दाणे नाही, सुटकेचा मार्गच निघणार होता.

काय आलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच ते बंद केलं होतं.

दिल्लीला खेटून असलेल्या वैशालीतल्या त्यांच्या मराठी मंडळाची 'दवंडी' दर गुरुवारी ईमेलवर यायची. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'कोणते विभाग हवेत ते निवडा.' कार्यक्रम, वधूवर, पानिपत सहल, मदत, शोकवार्ता हे जुने विभाग, आणि अलीकडेच सुरू झालेला 'परतीची वाट'. निवृत्त होऊन महाराष्ट्रात परतणाऱ्यांसाठी तो होता. पुण्यात घरं कुठे आहेत, सामान कोण नीट पोचवतं, कोण गेलं आणि कसं रुळलं. अविनाशराव तो मोठ्याने वाचायचे आणि वासंतीताई काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायच्या.

दोष म्हटला तर त्यांचाच होता. लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या पहिल्या उन्हाळ्यात, लक्ष्मीनगरच्या भट्टीसारख्या खोलीत त्या हमसून हमसून रडल्या होत्या. तेव्हा अविनाशराव म्हणाले होते, "नोकरी संपली की तुला पुण्याला परत नेईन. शब्द आहे माझा." त्या रडणं विसरल्या, अविनाशराव शब्द विसरले नाहीत. आता बाणेरचा फ्लॅट बघून झाला होता. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा, आणि मग हे घर विकायचं. मुलगा अंशुमन गुरगावहून फोनवर "तुमचं ठरलं की सांगा" एवढंच म्हणायचा. घरात या विषयावर बोलणं रोज व्हायचं, मनातलं मात्र कुणी बाहेर काढत नव्हतं.

दोघांचा ईमेल एकच. एका दुपारी नवरा बँकेत गेलेला असताना वासंतीताईंनी चष्मा लावून तो विभाग बंद करायचा घाट घातला. पहिल्याच फटक्यात शोकवार्ता सोडून बाकी सगळंच बंद झालं. त्या गुरुवारी अविनाशराव हबकून म्हणाले होते, "अगं, आपल्या मंडळात साथबीथ आलीय की काय?" मग पुन्हा खटपट करून, एक 'परतीची वाट' सोडून, त्यांनी सगळं सुरू केलं. दिसलंच नाही तर विषय मागे पडेल, असा त्यांचा भाबडा हिशेब.

पण अविनाशराव मागे पडू देणाऱ्यांतले नव्हते. रविवारी त्यांनी विनयाला घरीच बोलावून घेतलं. ही मूळची पुण्याची, नोएडात आयटीत होती आणि 'दवंडी' हौसेने सांभाळायची. मटार-पोह्यांची बशी मांडीवर घेऊन तिने लॅपटॉप उघडला.

"काका, हा विभाग तर बंद केलाय. तुमच्याच इथून."

"मी? मी कशाला बंद करीन?"

विनयाने मान वर केली. काकूंचा चेहरा पाहिला आणि घास घाईने गिळला. "अच्छा... म्हणजे सिस्टीमचाच काहीतरी घोळ असेल, यार." काकांना आपण यार म्हणालो, हेही तिला कळलं नाही. "चलो, सगळेच विभाग नव्याने निवडू. मी विचारते, तुम्ही सांगा. कार्यक्रम?"

"हवा."

"वधूवर? अंशुमनदादाचं तर झालंय."

"राहू दे गं," वासंतीताई म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या अपेक्षा वाचल्या की आपला नवरा बरा वाटतो."

"ऐकलंस?" अविनाशराव म्हणाले. "ही आमची स्तुती."

"पानिपत?"

हा तर हवाच होता. दर जानेवारीत मंडळाची बस पानिपतच्या 'काला अंब' स्मारकाला जायची, आणि गुळपोळ्यांचा डबा वासंतीताईंचा. एकदा दाट धुक्यात बस हायवेवरच्या ढाब्यापाशी अडकली, तर ढाब्याच्या सरदारजींनी सगळ्यांना चहा पाजला आणि पैशांऐवजी गुळपोळ्या मागून घेतल्या.

"मदत?"

अविनाशरावांच्या बायपासच्या वेळी रक्त हवं होतं. विनयाने 'मदत'मध्ये दोन ओळी टाकल्या आणि पार दक्षिण दिल्लीत मुनिरकाच्या खोल्यांतून राहणारी विद्यार्थी पोरं मेट्रो बदलत बदलत येऊन दाखल झाली. रक्त देऊन, बिस्किटं खाऊन गेलीसुद्धा. नीट आभार मानायचे राहिलेच. मंडळातल्या लतिकाने महिनाभर डबा पाठवला. आणि समोरच्या पार्वतीजी, ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, त्या आयसीयूच्या बाहेर वासंतीताईंचा हात धरून बसल्या होत्या. यांतलं कुणीच नात्यातलं नव्हतं. कुणावर काही बंधन नव्हतं, तरी आले. वासंतीताईंच्या मनात आलं, ज्या गावाने माझा नवरा मला परत दिला, ते गाव सोडून मी परत जायचं म्हणजे कुठे जायचं?

"मदत हवी," त्या म्हणाल्या. "ती आधी लाव."

विनयाने लावली. मग ती जरा घुटमळली. "आणि... परतीची वाट?"

"हो तर!" अविनाशराव म्हणाले. पण एरवी खणखणीत असणारा त्यांचा आवाज इथे बसका झाला. "तेवढ्यासाठीच तर तुला बोलावलं. मला काय, मी कुठेही राहीन. हिला दिलेला शब्द आहे तो."

वासंतीताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. रोज संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मित्रांत रमणारा हा माणूस, केवळ आपल्यासाठी पुण्यातले फ्लॅट शोधत बसला होता. त्यांना त्याचं हसू आलं, आणि त्याच्याविषयी मायाही दाटून आली. आता बोलायचं म्हणजे इतकी वर्षं त्याने जपून ठेवलेली शब्दाची भेट त्याच्याच हातात परत ठेवायची. आणि नाही बोललं, तर शुक्रवार होताच.

त्यांनी हातातली पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

"अहो, ते मी बंद केलं. तुम्ही शब्द पाळलात, मला पोचलं सगळं. पण मला नाही जायचं पुण्याला. मला इथेच राहायचंय."