सुजयची भिंत

बेटावर जाताना लोक पाठीवरच्या बॅगेत चड्ड्या, क्रीम आणि थोडा बेअक्कलपणा नेतात. आम्ही या सगळ्याबरोबर एक भिंत नेली.

भिंत सुजयच्या इंदूरमधल्या, भंवरकुआंच्या होस्टेलमधली. म्हणजे तिच्यावर जे टांगलेलं असायचं ते सगळं: निळ्या हत्तींची चादर, मराठी कॅलेंडर आणि एक प्लास्टिकचं घड्याळ. कारण रोज संध्याकाळी सातला सुनीताकाकूंचा, म्हणजे सुजयच्या आईचा, व्हिडिओ कॉल यायचा. काकू स्नेहलतागंजातल्या घरी दिवा लावायच्या, फोन देव्हाऱ्याला टेकवायच्या, आणि मायलेक मिळून श्लोक म्हणायचे. सुजयचे रेल्वेतले वडील गेल्यापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता.

घरापासून होस्टेल सहा किलोमीटर. तरी सुजय होस्टेलमध्ये राहायचा, कारण घरी अभ्यास होत नाही. होस्टेलमध्येही होत नव्हता, पण तिथे तो न होताना कोणाला दिसायचा नाही.

डिसेंबरच्या शेवटी त्याने काकूंना सांगितलं, पीएससीची टेस्ट सिरीज आहे, आठ दिवस येऊ नको, डबाही नको. आणि आम्ही तिघं, सुजय, विक्रांत आणि मी, थायलंडला गेलो.

तिथल्या आमच्या डॉर्मिटरीला तीनच भिंती होत्या. चौथ्या बाजूला समुद्र. इंदूरला सात वाजतात तेव्हा तिथे साडेआठ. आठ पंचवीसला आम्ही समुद्राच्या बाजूला चादर बांधायचो, वर कॅलेंडर, शेजारी भारताच्या वेळेचं घड्याळ. थायलंड बंद, भंवरकुआं चालू.

अडचण एकच. किनाऱ्यावरचे स्पीकर बंद करता येत नव्हते.

"हा धमाका कसला रे?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"वरात चाललीये, आई."

दुसऱ्या दिवशीही वरात. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी काकू म्हणाल्या, "बरीच लग्नं आहेत तुमच्याकडे."

"हौ ना. डोकं उठवलंय," सुजय म्हणाला, आणि पुढचा श्लोक इतका मन लावून म्हणाला की फोनमागे उभ्या विक्रांतने हात जोडले.

डॉर्मिटरीतल्या बाकीच्यांना वाटलं, ही आमची पूजा. एक डच मुलगी रोज भिंतीपुढे अगरबत्ती लावू लागली. आम्ही तिला अडवलं नाही. तिची श्रद्धा आमच्यापेक्षा बरी होती.

पाचव्या दिवशीच्या पार्टीत कोणीतरी हत्तींवर बादलीभर दारू सांडली. सहाव्या दिवशी सकाळी मी चादर धुतली आणि वाळत घालायला जागा शोधू लागलो. वाळूत एक बांबू रोवलेला होता, वर लाल कापड. इंदूरमध्ये बांबूला लाल कापड दिसलं की माणूस पुढे काही विचारत नाही. खाली नक्की हनुमान असणार. इथे तो दिसला नाही, पण परदेशात देवही साधेपणाने राहत असतील. मी नमस्कार केला, "माफ करा महाराज, तासाभराचा प्रश्न आहे," म्हणालो, आणि चादर त्या बांबूवरच पसरली. लाल कापड हत्तींखाली गेलं.

सुजय टॉवेल घेऊन आला. "भिया, पाणी कसंय?"

"एकदम मस्त," मी म्हणालो. मी पाण्याकडे पाहिलंही नव्हतं. मी हत्ती सरळ करत होतो.

तो गेला. पोहायला तो महापालिकेच्या तलावात शिकला होता, जिथे पाणी माणसाला ओढत नाही.

मासेमारांनी त्याला दुपारी दोनला आणला.

त्यानंतर कोणीतरी आम्हाला नाव विचारलं, मग पासपोर्ट, मग पुन्हा नाव. पोलिसांच्या फॉर्ममध्ये व्यवसायाचा रकाना होता. विक्रांतने तिथे डेप्युटी कलेक्टर लिहिलं. मी खोडलं नाही. मग एक पोलीस आम्हाला किनाऱ्यावर घेऊन आला, बांबूवरची चादर त्याने दोन बोटांनी उचलली आणि खालचं लाल कापड दाखवून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, हे असलं की पाण्यात जायचं नसतं. कोणाची चादर आहे ही?

मी म्हणालो, "सुजयची."

खोटं नव्हतं ते.

आठ वाजता आम्ही डॉर्मिटरीत परतलो. सुजयचा फोन माझ्या खिशात होता. काकूंना सांगायचं होतं, आणि सांगायला अर्धा तास उरला होता.

"तू उचल," विक्रांत म्हणाला.

"तू उचल ना."

"भिया, मी रडेन."

"मग मी काय गाणं म्हणू?"

विक्रांत खाली बसला. मग कोपऱ्यात तोंड करून खरंच रडू लागला, त्यामुळे प्रश्न मिटला.

आठ पंचवीसला माझ्या हातांनी भिंत उभी केली. खरं सांगायचं होतं, त्याला भिंतीची गरज नव्हती. पण हातांना कोणी कळवलं नव्हतं. चादर बांधली, कॅलेंडर लावलं, घड्याळ सरळ केलं. डच मुलगी आली. आज तिने अगरबत्त्यांचा पुडाच पेटवला आणि शेजारी बियरची बाटली ठेवली. बाहेर स्पीकर सुरू झाले.

फोन वाजला.

"मानस? तू कसा रे? सुजय कुठेय?"

"काकू, तो लायब्ररीत."

हे मी बोललो. तोंड आपलं आपण पाच दिवसांच्या सवयीवर चालत होतं.

"फोन ठेवून गेला?"

"चार्जिंगला होता."

त्यांच्या मागे दिव्याची वात हलत होती. मग त्या म्हणाल्या, "आजही वरात आहे वाटतं."

"हो ना."

"मानस, तुझ्या मागे कॅलेंडर आहे. वाचून दाखव. सोळा डिसेंबर."

मी वळलो. सोळा तारखेच्या चौकटीत छापलं होतं: धनुर्मासारंभ.

"खरमास लागलाय, बेटा. संक्रांतीपर्यंत पूर्ण इंदूरमध्ये लग्न नाही. तुमच्याकडे सहा दिवस कोणाच्या वराती निघताहेत?"

आमच्या कटाचा सगळा तपशील कटाच्याच भिंतीवर टांगलेला होता. पाच दिवस आम्ही तो काकूंच्या डोळ्यांसमोर धरत होतो.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," काकू म्हणाल्या. "बोलले नाही. म्हटलं, वडील गेल्यापासून पोरगा असा हसला नव्हता. जिथे असेल तिथे असू दे." त्या स्क्रीनच्या जवळ आल्या. "आज मागे एवढा अगरबत्तीचा धूर कसला आहे?"

धूर दिसू नये म्हणून मी फोन जरा वर धरला.

"मानस. ती चादर काढ."

मी गाठ सोडली. हत्ती खाली पडले, कॅलेंडर पडलं, घड्याळ पडलं आणि सात वाजून तीन मिनिटांवर थांबलं. मागे काळं पाणी होतं आणि दूरवर होड्यांचे हिरवे दिवे. काकू बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. सुजय अधिकारी झाल्यावर नेणार होता.

"ह्यात?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू. सकाळी."

स्नेहलतागंजात कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. काकूंनी हात नुसता पदराकडे नेला, तो तिथेच राहिला.

"तिथे कोणी सांगायला नसतं का रे, पाण्यात जाऊ नको म्हणून? काही खूण, काही पाटी?"

हा प्रश्न टाळता आला असता. नसतं म्हणालो असतो, तर पोलीस इंदूरला येऊन खोडून काढणार नव्हता. विक्रांतने कोपऱ्यातून वर पाहिलं आणि मान हलवली: नको.

"लाल झेंडा असतो," मी म्हणालो. "आजही होता. मी त्याच्यावर ही चादर वाळत घातली होती. मला देऊळ वाटलं. त्याने मला विचारलं पाणी कसंय, मी मस्त म्हणालो."

काकू मला बघत होत्या. मीही बघत होतो, कारण आता बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं.

"धुतली होतीस?"

"हो."

"ती घेऊन ये," काकू म्हणाल्या. "त्याच्याबरोबर. आणि माझ्या दारात आलास की हेच परत सांग. असंच. काही वगळू नको."

मग त्या देव्हाऱ्याकडे वळल्या आणि श्लोक म्हणू लागल्या. दुसरी ओळ रोज सुजय म्हणायचा. तिथे त्या थांबल्या.

मला ती ओळ येत होती. पाच दिवस ऐकली होती. मी म्हणालो नाही.