न वाजलेला भोंगा

तिसऱ्यांदाही भोंगा वाजला नाही, तेव्हा सारिकाने की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

कान्हे गावातल्या आपल्या घरी बसून ती एका छोट्या कंपनीसाठी चाचण्या घ्यायची. कंपनी वायुगळती झाली की भोंगा वाजवणारी पॅनेलं बनवायची. खरं पॅनेल तिच्यापुढे कधीच नसायचं. लॅपटॉपच्या पोटात व्हर्च्युअल मशीन उभं राहायचं, पॅनेलचं सोंग घेऊन. त्यात खोटी गळती सोडायची. भोंगा वाजला की पास. शंभरभर चाचण्या आपोआप चालत. त्यातली एक मात्र अधूनमधून फेल व्हायची आणि पुन्हा चालवली की पास.

"मशीन स्लो झालं असेल. पुन्हा चालव," तिचे वरिष्ठ प्रदीप सर सकाळीही म्हणाले होते. संध्याकाळी पॅनेलच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडे जायची होती.

आज तिने ती चाचणी मध्येच थांबवली आणि मशीनच्या आत शिरून एकेक पायरी हाताने चालवली. वीज घालवली, आणली, मग गळती सोडली. भोंगा वाजला. मग वीज नसतानाच गळती सोडली आणि वीज आणली. खोट्या वायूचा आकडा वर चढलेला, भोंगा गप्प. वीज आल्यावर पॅनेल जी हवा पहिल्यांदा हुंगत होतं, तिलाच चांगली हवा समजत होतं.

हेच पॅनेल आंबी गावातल्या ड्राय आइसच्या, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या, कारखान्यात भिंतीवर होतं. तिथल्या वायूला वास नसतो. माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो आणि उठत नाही. तिचा नवरा गोरख आज तिथेच, पहिल्या पाळीला होता.

कामगारांचे फोन गेटवर जमा होत. तिने गेटवरच्या श्रीपतीभाऊंना फोन लावला.

"भाऊ, तिकडं लाईट हाय का?"

"आत्ताच आली बघ. अर्धा तास गेल्ती. का गं?"

"समद्यांना भाईर काढा. भोंग्याचा भरवसा न्हाई."

"आन् सायबाला काय सांगू? माजं कोन ऐकतंय?"

"माझं नाव सांगा. ते पॅनेल मीच तपासलंय."

फोन कट झाला. बोलून गेलेलं तिचं तिलाच ऐकू आलं. मागच्या वर्षी त्या पॅनेलला पास तिनेच दिला होता. तेव्हाही ती चाचणी एकदा फेल झाली होती. तेव्हाही तिने पुन्हा चालवली होती.

बसवेना. उभ्यानेच तिने अहवालात लिहिलं : 'फेल. जुन्या आवृत्तीतही हाच दोष. तेव्हा पास मी दिला होता.' खाली नाव घातलं आणि पाठवून दिलं. लगेच प्रदीप सरांचा फोन वाजू लागला. तिने तो उचलला नाही. लाईन मोकळी हवी होती. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. अकरा मिनिटं गेली.

मग श्रीपतीभाऊंचा नंबर दिसला. आवाज गोरखचा होता.

"अगं, काय न्हाई झालं. हवा मापली हातातल्या मशीननं, ठीक हाय. सायेब लय तापलाय पन."

"समदे भाईर हायेत?"

"व्हय, समदे. उनात उभे हायेत थंडीची जाकिटं घालून. ठिवू का? भाऊंचा फोन हाय."

"नका ठेवू," ती म्हणाली. "बोलू नका काही. नुसता चालू राहू द्या."

पलीकडे कुणीतरी खोकलं. कुणीतरी तंबाखू मागितली. कुणीतरी तिच्याच नावाने हसत होतं. फोन कानाला घट्ट धरून ती भिंतीला टेकली आणि एकेक आवाज ओळखत राहिली.