शनवारचा घाणा

हिरामणनं जू उचलून बैलाच्या मानेवर टेकवायला आणि ठमाबाईनं त्याच्या मनगटावर चापट मारायला एकच गाठ पडली.

"ठेव खाली. सांगितलं ना, आज नाय."

"आजी, तेल नाय काढायचं. दोन फेऱ्या नुसत्या. फोटोपुरत्या."

"बैलाला काय कळतंय, फोटोपुरत्या का तेलापुरत्या?"

बैल आपला निवांत रवंथ करत होता. हिरामणनं वळून दाराकडं पाहिलं. दारात रेचल उभी, हातात फोन, चेहऱ्यावर दमलेलं हसू. काल संध्याकाळी ती इस्राएलहून उतरली होती आणि उद्या पहाटे तिचं परतीचं विमान होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

ती तिकडच्या एका म्युझियममध्ये कामाला होती. देशोदेशींहून तिकडं राहायला आलेल्या लोकांचं म्युझियम. त्यांच्या ट्रंका, त्यांची भांडी, बोटीची तिकिटं, सगळं काचेआड मांडलेलं. कोकणातून गेलेल्यांसाठी एक अख्खी भिंत राखली होती आणि ती भिंत अजून कोरी होती. रेचलचे पणजोबा एलिजा पेणजवळच्या गडबच्या आतल्या बाजूला, या गावात तेल काढायचे. त्यांचा लाकडी घाणा अजून फिरतो, असं तिला कळलं होतं. त्या फिरत्या घाण्याचा भिंतीएवढा फोटो हवा होता, आणि खाली फोटोवाल्याचं नाव येणार होतं.

हे ऐकल्यापासून हिरामण जमिनीवर नव्हता. पेणच्या गणपती कारखान्यांच्या कॅटलॉगचे फोटो तोच काढायचा. मागं निळं कापड लावायचं, पुढं मूर्ती, क्लिक. हजारो गणपती काढले, पण नाव कधी कुठं आलं नाही.

तेवढ्यात ठमाबाईचा मुलगा महिपती पेंढ्याचा भारा घेऊन आत आला.

"काका, तुम्ही तरी सांगा आजीला."

"आईचंच खरं. शनवारी आपला घाणा चालत नाय. धाटावच्या कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की तेलाला येतात. शनवारी आली तर हात हलवत जातात."

"पण का?"

"शनिदेवाचा वार हाय ना. शुक्रवारी दिवेलागणीला बैल सोडायचा. शनवारी आभाळात तीन चांदण्या दिसल्या की परत जोडायचा."

रेचलनं फोनमधून मान वर केली.

"तीन?" तिचं मराठी तिच्या आजीचं होतं, जुनं, हळू. "तीन कुणी सांगितल्या?"

"एलिजाशेटनी," ठमाबाई म्हणाली. "मी नवी नवरी होते. शेट मुंबईला बोट धरायला निघाले तेव्हा घाणा माझ्या सासऱ्याच्या हवाली केला, आणि म्हनले, एवढं एक पाळ. सासरा सांगायचा, काय भक्ती होती गो त्या माणसाची शनिदेवावर. गाव आमाला अजून शनवार तेली म्हन्तो."

महिपती पेंढा टाकायला वळला तेव्हा रेचल हिरामणजवळ आली.

"शनवार तेली आम्हा ज्यूंना म्हणायचे. तेलाचा धंदा, आणि शनिवारी बंद. तो आमचा शब्बाथ आहे, हिरामण. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारच्या तीन चांदण्यांपर्यंत. कामाला हात लावायचा नाही, फोनलाही नाही."

"मग सांगा ना त्यांना, शनिदेवाचा काय संबंध नाय म्हणून."

"मी काय सांगू? आमच्या घरी आता कुणी पाळत नाही. मी सकाळपासून फोनवरच आहे."

तिनं हातातल्या फोनकडं पाहिलं. मग तो बंद केला आणि पिशवीत तळाशी सारला.

कौलांच्या फटीतून येणारं ऊन भिंतीवरनं सरकत चाललं होतं. तीन चांदण्या दिसायच्या वेळेला इथं फोटोत काय येणार, काळोख? भिंत गेली, नाव गेलं. हुज्जत घालायला हिरामणनं तोंड उघडलंही. पण कारखान्यात डोळे आखल्याशिवाय मूर्तीचा फोटो काढू देत नाहीत, आखणारा येईपर्यंत तो स्वतःच दिवसदिवस पायरीवर बसून राहतो. तिथं त्यानं कधी कुणाला का म्हणून विचारलं नव्हतं.

त्यानं जू उचललं आणि खुंटीला लावलं.

बैल हाकणारा बसतो त्या फळीवर तोवर मांजर येऊन झोपलं होतं. तेल पिऊन काळं झालेलं लाकूड, मोकळा बैल, मांजर. हिरामण बघत राहिला.

"रेचलताई, शनवार तुमचा हाय, माझा नाय. मी असाच काढू?"

तिनं घाण्याच्या काळ्या लाकडावरनं हात फिरवला.

"असाच काढ."

निळं कापड त्यानं पिशवीतनं काढलंच नाही.

अंधारताना सगळे अंगणात आले. ठमाबाई डोळ्यावर हात धरून म्हणाली, "दोन गावल्या. तिसरी मला काय दिसत नाय, तू बघ गो बाय." रेचलनं माडाच्या शेंड्याकडं बोट दाखवलं. महिपतीनं बैल जोडला. आत काळोखात घाणा करकरत फिरायला लागला, आणि रेचल मांजर मांडीवर घेऊन फळीवर बसली. फिरत्या घाण्याचा फोटो कुणी काढला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी हिरामण बाइक दामटत ठमाबाईकडं गेला. रेचलनं म्युझियममधल्या भिंतीचा फोटो पाठवला होता. भिंतभर बंद घाणा, खाली त्याचं नाव, त्याखाली मराठीत एकच शब्द: शनिवार.

महिपतीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला.

"बंद घाण्याचा फोटो कोण लावतं रे? सोमवारी यायचं होतंस. कसला पळतो बैल."

ठमाबाईनं फोन लांब धरला. मांजर ओळखलं, बैल ओळखला. मग तो शब्द लेकाकडून वाचून घेतला.

"म्हंजे तिकडं पन शनिदेवाचं पाळतात," ती समाधानानं म्हणाली.

हिरामण हसणार होता. पण शुक्रवारी रात्री त्यानं रेचलला विचारलं होतं, फोटो लागला का? काल दिवसभर मेसेजवर दुसरी टिक आलीच नव्हती, तिचा फोन बंद. उत्तर आलं ते रात्री, तिकडं अंधार पडल्यावर.

"व्हय आजी," तो म्हणाला. "पाळतात."