रोल संपवायचा म्हणून

लेकीने स्टुडिओच्या काउंटरवरची धूळ बाहीनेच पुसली आणि छोटे छोटे फोटो एका ओळीत मांडायला घेतले. उद्या दुकानाची किल्ली नव्या मालकाच्या हातात द्यायची होती. आईने सकाळपासून एकच धोशा लावला होता.

"टाकून दे तो पसारा. अख्ख्या गावाचे फोटो काढले ह्यांनी, माझा म्हणून एक नाही! दिव्याखाली अंधार, दुसरं काय."

"आहे. म्हणून तर बोलावलं तुला."

नवरा जाऊन वर्ष झालं होतं, पण आईचं त्याच्याशी भांडण काही मिटलं नव्हतं.

रोलमध्ये शेवटचा एखादा फोटो उरला, की बाबा तो वाया घालवत नसत. कॅमेरा वळवून समोर असेल ते टिपत आणि रोल धुवायला घेत. समोर खुर्चीत आईच असे, फोटोंच्या कडा कापत. गिऱ्हाइकांच्या कामाचे नसलेले ते फोटो लेकीने जुन्या निगेटिव्हवरून छापून आणले होते.

"अगंबाई, ही मी? काय काडी होते गं!"

"आणि म्हणायचीस, ह्यांना मी दिसतच नाही."

"रोल संपवायचा म्हणून काढले असतील," आई म्हणाली. पण चष्मा पुसून ती खाली वाकली. कुठे कात्री दातांत धरून केस बांधणारी, कुठे तोंड उघडं टाकून डुलकी काढणारी. सुटा फोटो बघावा तर त्यात काही नव्हतं. ओळीने बघताना मात्र तिच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं कुणीतरी आपल्याकडे बघत होतं.

लेक पुढच्या फोटोंवर बोट ठेवत म्हणाली, "इथून खुर्ची बघ कशी मागे सरकत जाते. पोट काउंटरला लागतंय तुझं. ही मी!"

आईने तो फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"तू नाहीस. तुझ्या वेळी मागे कपाट आलं होतं. हे तुझ्या आधीचं. ते बाळ राहिलं नाही."

लेकीला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने हातातल्या उरलेल्या फोटोंकडे पाहिलं. त्यातले बरेचसे घरून निघताना तिने फेकायलाच काढले होते. आता ती ते एकेक करून ओळीत ठेवत गेली. रिकामी खुर्ची. पुन्हा रिकामी खुर्ची. पुन्हा तीच. मग खुर्चीत आई, काउंटरला अगदी चिकटून बसलेली.

"मी दवाखान्यातून आले, तर हे एक शब्द बोलले नाहीत," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसले. मला वाटलं, ह्यांना काहीच नाही त्याचं. जन्मभर तेच धरून बसले गं मी."

लेक फोटो गोळा करायला गेली, तसा आईने तिचा हात धरला.

"राहू दे जरा."

ती जुनी खुर्ची तिने काउंटरजवळ ओढली, कॅमेरा जिथे असायचा त्या कोपऱ्याकडे तोंड करून बसली आणि कपाळावरचे केस नीट मागे सारले.