चाचणीचा रस्ता

उमेदवाराने भर चौकात गाडी तिसऱ्यांदा बंद पाडली, तेव्हा परीक्षक बाईंनी पोटावरची फाइल उघडून आपल्या वहीत लिहिलं : सहा मिनिटं, गतिरोधक तीन, उमेदवार घाबरट. मग फाइल पुन्हा पोटावर ठेवली. नववा महिना लागल्यापासून टेबलाची चांगली सोय झाली होती.

"मॅडम, नापास का?"

"अजून नाही. पुढे डावीकडे. प्रसूतिगृहाच्या फाटकाशी थांबा."

"तुम्हाला काही होतंय का?"

"भूक लागलीय. तुम्ही आरशात बघा."

गेला महिनाभर तिची प्रत्येक चाचणी याच रस्त्याने जात होती. घरात गाडी होती, पण चालवणारी ती एकटी. नवरा परवान्याच्या परीक्षेत तीनदा नापास झाला होता. तिसऱ्या वेळी तर त्याने धडक दिलेल्या खांबाची माफी मागितली होती. ऐन वेळी जो कुणी हाताशी लागेल त्याला दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल, हे तिला आधीच ठाऊक हवं होतं. नवशिक्याला बारा मिनिटं. घाबरटाला सतरा. ज्याला सगळं येतं त्याला वीस, कारण तो वाटेत तिलाच गाडी शिकवत बसे.

ऑफिसात परतताच साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, महिन्याभरात शिकाऊ पाटीच्या त्रेसष्ट गाड्या प्रसूतिगृहाच्या दारात. तिथल्या वॉचमनने लेखी विचारलंय, एवढे लोक येतात आणि आत कुणीच कसं जात नाही."

तिच्या वहीत एक्केचाळीसच होत्या. वॉचमनचं गणित कच्चं असावं.

"तिकडे वळणं चांगली आहेत, सर."

"उद्यापासून तुम्ही घरी. सासूबाईंचाही फोन आला होता. आमची सून अजून किती दिवस चाचण्या घेणार, म्हणाल्या. मी सांगितलं, आजचा शेवटचा."

घरात उठता-बसता 'पडून राहा' हा जप चालायचाच. आता तो ऑफिसापर्यंत आला होता. तिने पर्समधून डॉक्टरांचा कागद काढला आणि साहेबांच्या चहाशेजारी पसरला.

"वाचा. रोज चालायचं. पाणी भरपूर. तासाला उठायचं. चेहरा, हात अचानक सुजले की लगेच यायचं. काम चालेल. पडून राहायचं कुठे लिहिलंय ते दाखवा. बाळंतपणाची तारीख मंगळवारची आहे. सोमवारी मी येणार."

"आणि गाडीतच काही झालं तर?"

"रस्ता पाठ आहे, सर."

साहेबांनी ड्रॉवर उघडला, नियमांचं पुस्तक शोधल्यासारखं केलं आणि एक बिस्कीट काढून खाल्लं. ती बाहेर पडली.

शेवटची उमेदवार स्टिअरिंग धरून तयारच बसली होती. डोक्याला रुमाल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

"आई? तुम्ही?"

"बस आधी," सासूबाई म्हणाल्या. "पट्टा पोटाखालून घे, वरून नको. बाळ हलतंय ना नीट?"

"दुपारी दहा लाथा मोजल्या. तुम्ही गाडी कधी शिकलात?"

"तू कामावर असताना. चार महिने झाले."

"आणि मला घरी पडून राहा म्हणत होतात."

"तू पडली असतीस तर घरातली गाडी हाती आली असती. परक्याच्या गाडीत शिकावं लागलं मला. क्लच केवढा जड आहे त्याचा."

नातेवाइकांना पास करायचं नाही, असा नियम होता. नापास करण्याबद्दल नियम गप्प होता. तिने पट्टा पोटाखालून घेतला.

"चला."

पुढे कुठे वळायचं ते तिला सांगावं लागलं नाही. प्रत्येक गतिरोधकावर गाडी अशी हळू चढली-उतरली की पोटावरची फाइल हलली नाही. फाटकाशी वॉचमन स्टुलावरून उठला.

"आजी, आज पण नुसतंच?"

"नुसतंच रे बाबा."

तिने वही उघडली आणि वॉचमनच्या त्रेसष्टातून आपले एक्केचाळीस वजा केले. बावीस. मग घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं.

"फाटकाकडे वळताना इंडिकेटर दिला नाहीत."

"इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय. नापास."

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "परत कधी?"

"सोमवारी. परीक्षा साहेब घेतील."

"आणि तू?"

"मी मागच्या सीटवर. डाव्या कुशीवर."

सासूबाईंनी इंडिकेटर दिला, जरा जास्तच वेळ, आणि गाडी वळवली. वॉचमनने आपल्या वहीत आणखी एक रेघ मारली. फाटक मात्र उघडंच ठेवलं.